मान नसलेली माणसं

माझ्या भाचीनं पहिल्यांदा मान काढली त्या दिवशी घरात शिरा झाला. बहिणीनं त्या चित्राचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, बायकोनं रवा भाजायला घेतला आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिलो. रडलो नाही. पण चार वर्षांच्या मुलीची प्रगती पाहून पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला जेवढं वाईट वाटणं शोभून दिसेल, त्याहून पुष्कळ जास्त वाईट मला वाटत होतं. शिरा मात्र दोनदा घेतला.

मी जलरंगात निसर्गचित्रं काढतो. नाशकात हे सांगायला काही धाडस लागत नाही. रविवारी सकाळी गंगेवर गेलात (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), तर पायऱ्यांवर कुणी ना कुणी मांडीवर बोर्ड घेऊन, एक डोळा मिटून, पेन्सिलीनं देवळाचं शिखर मोजत बसलेलं दिसेलच. त्यातला एक मी. कॉलेजात असल्यापासून तेच काढतोय. कळस, पायऱ्या, छत्र्या, वाळत घातलेली धोतरं, पाण्यात पडलेली या सगळ्याची प्रतिबिंबं. इतक्या वेळा काढलंय की आता आधी प्रतिबिंब काढून मग त्यावर देऊळ बांधू शकतो. माझी चित्रं बहुतेक वेळा बिल्डर घेतात आणि नव्या इमारतींत लिफ्टशेजारी लावतात. लिफ्ट येईपर्यंत लोक ती बघतात.

त्या वर्षी आम्हा काही मित्रांचं एकत्र प्रदर्शन ठरलं होतं, दिवाळीनंतर. प्रत्येकानं एक मोठं, नवं चित्र द्यायचं. चहा पिता पिता एक मित्र मला अगदी प्रेमानं म्हणाला, ''तू कशाला त्रास घेतोस? मागच्या वेळचंच लाव. कुणाला कळणार नाही.''

मी हसलो. घरी आलो आणि मागच्या वेळचं चित्र काढून बघितलं. मग त्याच्या मागच्या वेळचं. मलाही कळलं नाही.

बहीण आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरीला जातात, म्हणून भाची बालवाडीतून परस्पर आमच्याकडे येते आणि संध्याकाळपर्यंत असते. ती जेवते, बायकोला स्वयंपाकातल्या चुका सांगते आणि मग माझ्या टेबलाखाली बसून क्लासच्या मुलांनी टाकून दिलेल्या कागदांच्या मागच्या बाजूला काहीतरी काढते. माझ्याकडे शनिवार-रविवार ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांचा क्लास असतो. बैठकीतला सोफा बाजूला सरकवतो आणि मुलांना शिकवतो की माणूस म्हणजे साडेसात डोकी. एक डोकं मापाला घ्यायचं आणि त्याच्या साडेसातपट उंच माणूस काढायचा.

एका दुपारी तिनं टेबलाखालून एक कागद वर सरकवला. एक गोल. गोलात दोन ठिपके आणि एक हसू. गोलाच्या खालून निघालेले दोन लांब पाय, कानांच्या जागेवरून निघालेले दोन हात.

''हा कोण?''

''मामा.''

''अरे वा. आणि मामाचं पोट कुठंय?''

''आत.'' तिनं गोलावर बोट ठेवलं.

''डोक्यात?''

''मग? तू जेवलास ते तोंडातून आत गेलं ना?'' तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. ''बाहेर कशाला काढायचं? लोक बघतील.''

मी हसलो नाही. त्या गोलाकडे बघत राहिलो, कारण तो माणूस माझ्याकडे बघत होता. आणि गंमत अशी की तो खरोखर मीच होतो. जरा घाबरलेला, हात पसरून कुणाची तरी माफी मागत असलेला.

इथं आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगायला हवं. घाटाच्या चित्रात जी माणसं दिसतात ना, ती आम्ही जलरंगवाले गाजरं म्हणून काढतो. वर एक ठिपका, खाली निमुळता होत गेलेला एक फटकारा. लांबून माणूस वाटतो. चार गाजरं शेजारी काढली की गर्दी झाली. एक गाजर वाकडं काढलं की म्हातारी. मी आयुष्यभर गंगेवर गाजरांना अंघोळी घालत होतो आणि एकही गाजर कधी माझ्याकडे वळून बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला स्कूटरवर पुढे उभी करून रामकुंडावर घेऊन गेलो. पायरीवर बसवलं, हातात जाड तेलखडू दिला. ''काढ,'' म्हटलं. तिनं भटजी काढले : गोल, पाय, कपाळावर आडव्या रेघा. भाजीवाली काढली : गोल, पाय आणि गोलावर दुसरा गोल, ती टोपली. गाय काढली, तिला पाय इतके की मोजता येईनात.

''गाईला इतके पाय?''

''चालतेय ना ती. उभी राहिली की चारच.''

पाठीमागून एक गृहस्थ डोकावले. ''छान काढतेय हो पोरगी. तुम्ही शिकवता?''

''नाही,'' मी म्हणालो. तेवढं एक खरं बोललो. पुढचे काही महिने मी त्या विषयावर जे जे बोललो त्यातलं फारसं खरं नव्हतं.

कारण मी चोरायला लागलो होतो. कागद जमवायचे, ती झोपली की टेबलावर पसरायचे आणि त्यातली माणसं उचलून माझ्या मोठ्या कागदावर ठेवायची. मागे माझा नेहमीचा घाट, माझे कळस, माझं पाणी. आणि पायऱ्यांवर तिची माणसं. बिनपोटाची, बिनमानेची, सगळीच्या सगळी समोर बघणारी. कित्येक वर्षांनी मी चित्र काढताना शीळ घालत होतो. बायको म्हणाली, ''अहो, कुकर समजून मी दोनदा उठले.''

एका मित्रानं चित्र अर्धं झालेलं पाहिलं. म्हणाला, ''हे काहीतरी वेगळंच चाललंय तुझं.''

''हो,'' मी म्हणालो, ''सध्या आकार सोपे करत आणतोय.''

हे वाक्य बोलताना भाची टेबलाखालीच होती. ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

आणि नेमकं तेव्हाच, चित्रातला उजवा घाट रिकामा असताना, तिनं मान काढली. गोलाखाली दोन छोट्या उभ्या रेघा, आणि त्याखाली मग पाय. पोट अजून आतच होतं. पण मान आली होती. बहीण नाचली, शिरा झाला, आणि माझा उजवा घाट तसाच पडून राहिला. मान असलेला माणूस तिथं चालणार नव्हता. डाव्या बाजूची सगळी जनता बिनमानेची होती. मान आली की तो माणूस आजूबाजूला बघायला लागतो, माझ्याकडे बघत नाही. निदान मला तेव्हा असं वाटलं.

मी तिला जवळ बसवलं.

''काय गं, आधीसारखा माणूस काढतेस?''

''आधीसारखा म्हणजे?''

''म्हणजे... मान नको काढूस. राहू दे मान.''

''का?''

''सध्या नको.''

तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. ''मामा, तुला मान येत नाही का? मी शिकवते.''

यापुढे मी जे केलं ते लिहायला हात जड होतोय. मी खाली वाण्याकडे जाऊन रंगीत गोळ्यांची पुडी आणली. मान नसलेल्या माणसाला एक गोळी. मान असलेल्याला काही नाही. तिला व्यवहार लगेच समजला. तिनं भराभर गोल काढले, गोलांना पाय लावले, गोळ्या तोंडात टाकल्या आणि कागद माझ्याकडे ढकलले. त्या माणसांना डोळे होते पण ती कुणाकडेही बघत नव्हती. ती गाजरं होती. गोल गाजरं. तोंडात गोळ्या कोंबून बोबड्या आवाजात ती म्हणाली, ''अजून देऊ? हे सोपंय.''

संध्याकाळी बहीण वर आली, लेकीची जीभ हिरवी-जांभळी दिसली म्हणून चौकशी सुरू झाली, आणि भाचीनं सगळं सांगून टाकलं. माझ्यासमोर, अगदी शांतपणे, हिशोबानं.

''दादा!'' बहीण कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ''तू माझ्या पोरीला मान न काढायच्या गोळ्या देतोस?''

''तसं नाही गं...''

''मग कसं?''

''अहो,'' बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ''लोक मुलांना शिकवायची फी घेतात. तुम्ही विसरायला खाऊ देताय. क्लास बुडेल आपला.''

मला गप्प बसता आलं असतं. पण अपराधी माणूस गप्प बसत नाही, तो दुसरा अपराधी शोधतो. मी म्हणालो, ''चूक त्या बालवाडीवाल्यांची आहे. एवढ्याशा मुलीला कुणी मान शिकवतं का? वेळ आली की येतेच ती आपोआप. उद्या जाऊन बोलतोच.''

''जा, जा,'' बहीण म्हणाली. ''नाक पण शिकवू नका म्हणून सांग.''

आणि मी खरंच गेलो. बालवाडीच्या बाईंना बराच वेळ कळेना मी काय म्हणतोय. त्यांच्या पायाला एक मूल लोंबकळत होतं, दुसरं ओढणी ओढत होतं.

''मान?'' त्यांनी पुन्हा विचारलं.

''हो. मुलांच्या चित्राचा एक नैसर्गिक क्रम असतो. त्यात तुम्ही मध्येच मान आणलीत तर...''

''काका, आमच्याकडे अजून गोल आणि उभी रेघच चाललीय. त्यातही ह्यानं,'' त्यांनी पायाशी लोंबकळणाऱ्याच्या डोक्यावर टपली मारली, ''परवा गोल खाल्ला. मान-बिन कुणी शिकवली असेल तर घरीच. घरात कुणी ड्रॉइंग टीचर आहे का?''

मी बघून सांगतो म्हणालो.

घरी येऊन बहिणीला हे सांगितलं तर ती इतकी हसली की जिन्यातच बसली. ''दादा, तू रविवारी क्लासमध्ये काय ओरडत असतोस? मला खाली ऐकू येतं. 'मान कुठंय? अरे, मान विसरलास! मान काढल्याशिवाय डोकं ठेवू नकोस!' ही बया सुट्टीच्या दिवशीही वर येऊन टेबलाखाली बसलेली असते. दर रविवारी ऐकतेय ती.''

खरं होतं. परीक्षेला मानेचे मार्क जातात. मुलं हमखास डोकं थेट खांद्यांवर ठेवतात, आणि मी वर्षानुवर्षं तेच ओरडत आलोय. या शहरातल्या कित्येक माणसांच्या माना माझ्यामुळे आहेत. त्यातली एक माझ्या टेबलाखाली बसून निमूटपणे शिकली गेली होती.

त्या दिवशी मी गोळ्यांची उरलेली पुडी बायकोला देऊन टाकली आणि ठरवलं की उजवा घाट स्वतःच भरायचा. तिची माणसं इतके महिने बघितली, आता हाताला येतीलच. गोल काढायचा, ठिपके, हसू, पाय. त्यात काय आहे?

त्यात काय आहे ते मला आठवडाभर कळलं नाही. माझा गोल बांगडी ठेवून काढल्यासारखा यायचा. मुद्दाम वेडावाकडा काढला तर मुद्दाम वेडावाकडा काढलेला दिसायचा. डाव्या हातानं काढून पाहिला. डोळे मिटून काढून पाहिला, तेव्हा पाय टेबलावर आले. हे सगळं मी वेगळ्या कागदांवर करत होतो आणि भाची स्टुलावर चढून बघत होती.

''हा लॉलीपॉप आहे,'' ती म्हणायची. किंवा, ''हा उंदीर छान झाला.''

एकदा तिनं उसासा टाकून माझ्या हातावर हात ठेवला. ''मामा, तू घाई करतोस.''

पावसाळा सरत आला होता आणि धरणातून पाणी सोडलं होतं. अशा दिवसांत नाशकात माणसं एकमेकांना कसे आहात विचारत नाहीत, मारुतीला पाणी कुठवर आलंय ते विचारतात. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे आणि आम्ही पूर तिच्यावरच मोजतो. गुडघ्याला पाणी म्हणजे नेहमीचं. कंबरेला म्हणजे बघायला जायचं. गळ्याला लागलं म्हणजे पंचवटीतल्या दुकानदारांनी माल वरच्या फळीवर चढवायचा. बहीण, बायको, शेजारी, सगळे फोनवर मारुतीचेच व्हिडिओ बघत होते. ''गळ्याला लागलं गं,'' असं बायको जिन्यातून ओरडली की खालून बहीण, ''अजून नाही, खांद्यालाच आहे,'' असं ओरडायची.

अशाच एका दुपारी दाराची बेल वाजली. गॅसचा सिलिंडर आला होता. मी तो आत घेतला, जुना बाहेर दिला, सही केली, आणि परत टेबलाशी आलो तर भाची स्टुलावर उभी होती, माझा रुंद ब्रश मुठीत धरून, आणि मोठ्या चित्रावर वाकलेली.

डाव्या घाटावरच्या सगळ्या माणसांना ती माना लावत होती.

''अगं!'' एवढंच माझ्या तोंडून निघालं.

''थांब रे,'' ती म्हणाली. तिची जीभ बाहेर आली होती, म्हणजे काम मनापासून चाललं होतं. भटजींची मान झाली होती, दुधी भोपळ्याएवढी. भाजीवालीची मान डोक्याच्या खाली मावली नाही म्हणून बाजूनं काढली होती. एका माणसाला दोन होत्या.

जलरंग ओला असेल तर पुसता येतो. ओला स्पंज अलगद टेकवायचा आणि उचलायचा. स्पंज तिथंच वाटीत होता. तो मी हातातही घेतला.

''तू हे का केलंस?'' मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

''पाणी येतंय ना,'' ती म्हणाली. ''मामी म्हणाली गळ्याला आलं. ह्यांना गळाच नाही. मग ह्यांना कसं कळणार, कधी घरी जायचं?''

मी चित्राकडे बघितलं. माझ्या घाटावर इतके महिने उभी असलेली ती माणसं, आणि माझं ते निळसर, शहाण्यासारखं, पायरीच्या खाली राहणारं पाणी. हिला त्यांची काळजी वाटत होती. मला फक्त उजवी बाजू रिकामी असल्याची काळजी होती.

मी स्पंज खाली ठेवला.

''आता काय करायचं?'' मी विचारलं. खरंच विचारलं, मला माहीत नव्हतं.

''आता तू पाणी आण,'' ती म्हणाली. ''गळ्यापर्यंत. जास्त नको.''

पाणी मला येतं. मी मोठी वाटी भरून गढूळ, तपकिरी रंग कालवला, चित्र जरा तिरकं धरलं आणि पायऱ्यांवर पूर सोडला. उजवा रिकामा घाट एका झटक्यात पाण्याखाली गेला. तिथं कुणाची गरजच उरली नाही. पाणी भटजींच्या गळ्याला टेकलं, भाजीवालीच्या बाजूच्या मानेला टेकलं, दोन माना असलेल्याच्या एका मानेला टेकलं. रंग पातळ होता म्हणून खाली त्यांचे लांब पाय अंधुक दिसत राहिले, गाईचे तर ढीगभर. आणि वर सगळे गोल चेहरे पाण्याबाहेर डोकं काढून हसत समोर बघत होते. बायको पदराला हात पुसत आली, बघितलं, आणि म्हणाली, ''अगंबाई. मजेत आहेत की सगळे.''

ते चित्र चांगलं आहे की वाईट, मला आजही सांगता येत नाही. पण ते मागच्या वेळचं नव्हतं.

मला मात्र माझं मन खात होतं. आकार सोपे करत आणतोय म्हणणारा मी. म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी एक कार्ड लिहिलं. चित्रकार म्हणून माझं नाव, आणि त्याच आकारात, त्याच शाईत, तिचंही. एक रेघही लहान नाही. चित्राशेजारी भिंतीवर चिकटवलं. वाटलं, उद्या ती येईल, सगळ्यांसमोर तिला सांगेन, बघ, हे तुझं. तुझं होतं ते मी घेतलं होतं. त्या विचारानं मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बहीण तिला नवा फ्रॉक घालून घेऊन आली. मधल्या काळात भाची चित्रांत फार पुढे गेली होती. आता तिच्या माणसांना पोट होतं, बाहेर. फ्रॉकला बटणं होती, हाताला पाच बोटं आणि एक घड्याळ, डोळ्यांना इतक्या लांब पापण्या की त्या कपाळावर जात. स्वतःचं नावही तिला काढता आणि ओळखता येऊ लागलं होतं.

ती चित्रासमोर उभी राहिली. मी तिच्या मागे. माझे मित्र, त्यांच्या बायका, दोन-तीन अनोळखी माणसं, सगळी जवळ आली. मी घसा साफ केला.

''मामा,'' ती म्हणाली, ''हे कुठल्या बाळानं काढलंय?''

कुणीतरी हसलं. मी खाली वाकलो. ''अगं, तूच काढलंयस. आपण दोघांनी. आठवत नाही? मारुतीला पाणी आलं होतं.''

तिनं पुन्हा चित्र पाहिलं. भाजीवालीच्या मानेवर तिची नजर थांबली.

''मी नाही,'' ती म्हणाली. ''मी असं नाही काढत. ह्यांना बोटं पण नाहीत.''

''तेव्हा तू लहान होतीस.''

''मी कधी असं नाही काढलं. आई, सांग ना मामाला.''

''दादा, तिला आठवत नाही रे,'' बहीण पदरामागे हसू लपवत म्हणाली.

मी हार मानली नाही. ''बघ,'' म्हणालो, आणि तिला उचलून कार्डापाशी नेलं. ''इथं तुझं नाव आहे.''

तिनं आपलं नाव ओळखलं. आधी डोळे मोठे झाले, मग भुवया जवळ आल्या. तिनं जमलेल्या सगळ्या मोठ्या माणसांकडे एकदा नजर फिरवली आणि माझ्या कानाशी तोंड आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, ''काढ ते.''

''अगं, पण...''

''मामा, मला लाज वाटते. माझं नाव खोड.''

मी बहिणीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. बायकोकडे पाहिलं, ती खिडकीकडे तोंड करून हसून गदगदत होती. मागचंच चित्र लाव म्हणणारा तो मित्र अभिप्रायाच्या टेबलावरचं पेन घेऊन आला आणि त्यानं ते माझ्या हातात दिलं.

एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं मी तिच्या नावावर रेघ मारली.

तिनं मान पुढे करून नीट पाहिलं.

''अजून दिसतंय,'' ती म्हणाली.